पंखात जाणारी चाकं

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा दादा चव्वेचाळीस वर्षांचा होता. टूलरूममध्ये बारीक कामात वीस वर्षं काढलेला माणूस. "यात स्वेच्छा नेमकी कुणाची?" असं एकदा म्हणाला, नंतर विषय काढला नाही. वहिनी शाळेत शिकवायला आणि मी हिंजवडीला कंपनीत गेलो की कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तो एकटा. त्या रिकाम्या दिवसांत त्याने रेडिओवर उडणारं विमान बांधायला घेतलं.

कंपनीने मला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं. मी परत येताना आणावी म्हणून त्याने एकच गोष्ट मागितली: उडाल्यावर दुमडून पंखात जाणाऱ्या चाकांचा संच.

ती बसवायला त्याला तीन आठवडे लागले. पंखाचं पोट कापून आत लाकडी ठोकळे चिकटवले, त्यांवर चाकं स्क्रूने आवळली. मधोमध एक छोटी मोटर, तिच्यापासून दोन्ही चाकांना जाणाऱ्या दोन तारा.

"तार कुठेही घासता कामा नये," तो मला म्हणाला. "अडली की मोटर नुसता जोर लावत बसते आणि बॅटरी संपवते. विमान वळवणंही त्याच बॅटरीवर चालतं."

एका शनिवारी त्याला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं. डाव्या बाजूचं काम राहिलं होतं. निघताना म्हणाला, "तार जाते ते भोक कानसीने जरा मोठं कर. पाच मिनिटांचं काम आहे. मी आलो की वरून कागद चिकटवतो."

मी कानस हातात घेतली आणि ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं, दोन तास बोलत होतो. मग चाक एकदा आत-बाहेर करून पाहिलं. थोडं जड जात होतं, पण गेलं.

दादा खुशीत परतला. मुलाखत चांगली झाली होती. "केलंस?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने तपासलं नाही. माझ्या शब्दावर कागद चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खडकवासल्याच्या पुढच्या माळावर गेलो. वहिनीही आली होती. विमान सुरेख उठलं. उजवं चाक आत गेलं, डावं अर्ध्यावर लटकलं. दादाने हातातल्या रिमोटची कळ खाली-वर केली. चाक हललं नाही. "असू दे, पोटावर उतरवतो," म्हणून त्याने विमान वळवायला घेतलं, तर ते वळेना. सरळ जात राहिलं, मग नाक खाली करून खडकावर आदळलं. डाव्या पंखाचा भुसा झाला होता. त्यात भोक शोधायला काही उरलं नव्हतं.

तुकडे पोत्यात भरताना तो म्हणाला, "तारेला बाक मीच चुकीचा दिला असणार. हात गेले माझे."

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "वारा फार होता, दादा."

मंगळवारी वर्कशॉपमधून फोन आला, एक तारखेपासून या म्हणून. दादा म्हणाला, "बारीक काम आता माझ्याच्यानं होत नाही, साहेब. दुसरा बघा." वहिनी दोन दिवस समजावत होती. मीही समजावलं, खरं कारण सोडून सगळं बोललो. पुढे तो एका आयटी कंपनीच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागला. माझ्या वयाच्या पोरांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा.

दोन वर्षांनी एका दुपारी, तो ड्यूटीवर निघत असताना, मी सांगून टाकलं. "दादा, ते भोक मी मोठं केलंच नव्हतं."

तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. वर्कशॉपला कळवू का, की माझे हात ठीक होते?" आणि गेला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "त्या मंगळवारी तरी बोलायचं होतंत."

त्या उन्हाळ्यात मी बावधनला राहायला गेलो. थांब असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. सामान खाली न्यायला दादाने हात लावला. कपाटाचं एक टोक त्याने धरलं, एक मी. तीन मजले उतरेपर्यंत तो "सावकाश" एवढंच म्हणत होता.