शेळकेकाकांचा जबाब

सकाळी पावणेआठला वैशालीचा फोन आला. "ताई, बाबा उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. मी रॉटरडॅमच्या ऑफिसला जायला स्टेशनकडे निघाले होते, तशीच सायकल वळवली. झूटरमेरमध्ये आमच्या दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर. पोचले तेव्हा तिचे वडील, शेळकेकाका, उशीवर डोकं नीट ठेवून पडलेले होते. हात लावला आणि कळलं. थोड्या वेळाने त्यांची हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आली. इथे माणूस घरी वारला की डॉक्टरने अंगभर तपासूनच मृत्यू नैसर्गिक की कसा ते लिहायचं असतं. तिने वैशालीला विचारून काकांचा सदरा वर केला, आमच्या मदतीने त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठ नीट बघितली. "पाठ बघितल्याबिगर पंचनामा लिहू नये," असं काका नेहमी सांगायचे. ही बाई त्यांना आवडली असती. मला त्या क्षणी हेच सुचलं, रडू वगैरे आलं नाही.

काका पोलीस खात्यात रायटर हवालदार होते. तालुक्याच्या ठाण्यात तीस वर्षं त्यांनी लिहिण्याचंच काम केलं. विहिरीत पडलेले, झाडाला लटकलेले, साप चावलेले, भाऊबंदकीत कुऱ्हाड बसलेले... सगळ्या मयतांचे पंचनामे त्यांच्या हातचे. काकू गेल्यावर वैशालीने त्यांना इकडे आणलं. इथे करायचं काय हा प्रश्नच होता. पहिल्या हिवाळ्यात ते खिडकीत बसून सायकलवाले मोजायचे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते शिऱ्याचा डबा घेऊन बघायला आले आणि त्यातून आमची दोस्ती झाली. मी घरात अडकून पडलेली, त्यामुळे एक नसता उद्योग मागे लावून घेतला होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याचे एकोणिसाव्या शतकातले सरकारी कागद कुणीतरी स्कॅन करून नेटवर टाकले होते आणि ते वाचून टाइप करून द्यायला जगभरातून माणसं हवी होती. मला वाटलं, जमिनीचे कागद असतील. निघाले सगळे मुडदे.

काकांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं. त्यांचं इंग्रजी अर्जापुरतं. पण दोन मिनिटांत म्हणाले, "आवो ताई, हा पंचनामा आहे." आणि होताच. कॉरोनर नावाचा अंमलदार घोड्यावरून शेतात जायचा, आजूबाजूचे बारा जण गोळा करायचा, त्यांच्यासमोर प्रेत बघायचं, साक्षी घ्यायच्या, मृत्यू कशाने आला ते लिहायचं आणि बाराही जणांनी सह्या ठोकायच्या. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी काका यायचे. मी अक्षरं लावायचे आणि ते पुढचं सांगायचे. शाई पुसलेली असली तरी "इथं जखमेची लांबी असणार", "इथं अंगावरचे कपडे" असं बिनचूक सांगत, कारण क्रम त्यांच्या बोटांत होता. माझ्या हस्ताक्षरातल्या टिपणांना ते कोंबडीचे पाय म्हणत. दारूच्या गुत्त्यावरची भोसकाभोसकी, नदीत वाहून आलेला अनोळखी माणूस, बांधावरून झालेला गोळीबार. "माणूस सगळीकडं सारखाच हो," म्हणत काका चहाचा दुसरा कप मागायचे. त्या शनिवारांची मी वाट बघत असे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

मग हॅनाचा कागद आला. हॅना कुणाच्या तरी मालकीची गुलाम, स्वयंपाकघरात कामाला, तिथेच मागच्या दारी मेलेली सापडली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने साक्षीत सांगितलं होतं की दोन दिवसांपूर्वी मालकाने तिला चाबकाने मारलं आणि तेव्हापासून ती उभी राहत नव्हती. साक्ष लिहून घेतलेली होती. खाली निष्कर्ष मात्र असा, की हॅनाला देवाच्या मर्जीने मृत्यू आला. त्याखाली बारा सह्या. मी काकांना मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "पाठीचं काय लिहिलंय?" मी दोनदा वाचलं. पाठीबद्दल काहीच नव्हतं. ते उठले, चहा तसाच ठेवला आणि घरी गेले. पुढचे दोन शनिवार आलेच नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी आले आणि कोट न काढताच बोलायला लागले. त्यांच्या ठाण्याच्या हद्दीत एक सून जळून गेली होती. तिचं नाव इथे मी मंगल असं लिहिते, ते खरं नाही. सासरच्यांनी सांगितलं, स्टोव्हचा भडका उडाला. काका साहेबांबरोबर गेले तर स्टोव्ह फळीवर पुसून ठेवलेला. त्यांनी हलवून बघितला, टाकी कोरडी ठणठणीत. त्यांनी तसं लिहिलं. सासरा वजनदार होता. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "शेळके, ही दोन वाक्यं नकोत, कागद बदला." काकांनी कागद फाडला आणि नवा लिहिला. पंचांना परत बोलवायचीही गरज पडली नाही. ठाण्यासमोरचा चहावाला आणि न्हावी हे कायमचे पंच, त्यांच्या कोऱ्या कागदावरच्या सह्या कपाटात तयारच असत. मंगलचे वडील बाहेर उभे होते. काय लिहिलं म्हणून त्यांनी विचारलं, तर काकांनी त्यांना "स्टोव्हचा भडका" हेच वाचून दाखवलं. "मीच वाचलं ताई, माझ्या तोंडानं..." मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्यांना आता जबाब लिहायचा होता. मंगलचा भाऊ आणि म्हातारी आई अजून त्याच गावात आहेत, हे त्यांनी फोनाफोनी करून काढलं होतं. कोर्टकचेरीची त्यांना आशा नव्हती. त्या घराला खरा कागद मिळावा, एवढंच. पण कागद नुसता नको, दोन पंचांसमक्ष हवा. एक वैशाली, दुसरी मी. "मी वाचून दाखवणार, तुम्ही दोघींनी ऐकायचं, पटलं तर सही. ह्या वेळी पंच खरे पाहिजेत." मी म्हटलं, काका, इतकी वर्षं झाली, कशाला उकरताय, वैशालीच्या डोक्याला ताप. ते म्हणाले, तिला सांगून झालंय, ती तयार आहे. मग माझ्याकडे सबब उरली नाही, तर मी शनिवार ढकलत गेले. एकदा ऑफिसचं काम. एकदा आइंडहोवनला भाच्याच्या मुलीचं बारसं. तिसऱ्यांदा तर काहीच नव्हतं. मी बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलत बसले आणि फोनवर सांगितलं की कणकण आहे. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं नव्हतं. माझे चहा पिणारे, टिंगल करणारे काका मला तसेच राहायला हवे होते. "बरं, पुढच्या शनिवारी," काका म्हणाले. त्या आठवड्यात गुरुवारी ते गेले.

तेरावा झाल्यावर वैशालीने मला बोलावलं. टेबलावर तीन पानं होती, सुवाच्य, एकही खाडाखोड नसलेली. शेवटी नेहमीचं वाक्य, की हा जबाब आम्हा पंचांसमक्ष वाचून दाखवला व तो बरोबर आहे. त्याखाली काकांची सही, मग दोन ओळी, दोन्ही रिकाम्या. त्यांना दोघींना एकदमच वाचून दाखवायचं होतं, म्हणून तिचीही सही नव्हती. वैशालीने पेन माझ्यापुढे ठेवलं. "कर ना सही, ताई. मी पण करते. तुला तर सगळं सांगितलंच होतं त्यांनी. सहीशिवाय ह्या कागदाला कोण विचारणार?" मी तिन्ही पानं वाचली. त्यातला शब्द न् शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला होता. पण हा कागद मला वाचून दाखवलेला नव्हता, कारण मी गेलेच नव्हते. न ऐकता सही करणारे पंच म्हणजे कोण, ते त्याच पानांत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "नाही करता येणार, वैशू." ती भयंकर चिडली. "बाबांनी एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे," म्हणाली. खरंच होतं ते. शेवटी मी वेगळा कागद घेतला. त्यावर लिहिलं की शेळक्यांनी हे मला तोंडी सांगितलं, पंच म्हणून बोलावलं आणि मी आले नाही. खाली सही आणि फोन नंबर. वैशालीनेही तिला जे माहीत होतं तेवढंच तिच्या कागदावर लिहिलं. काकांनी लिफाफ्यावर पत्ता आधीच घालून ठेवला होता, त्यात जबाब आणि आमचे दोन्ही कागद घालून पाठवले.

मागच्या आठवड्यात मंगलच्या भावाचा फोन आला. शांत माणूस. कागद मिळाला, म्हणाला. काकांचा जबाब तेवढा आईला पूर्ण वाचून दाखवला, दोनदा. "तिला शेळक्यांशी बोलायचंय. ते वारले म्हणून सांगितलं मी, पण तिला पटत नाही. तुम्हीच सांगा." मग म्हातारीचा आवाज आला, जरा मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा. "स्टोव्ह कोरडा होता ते आम्हाला म्हाईत होतं, बाई. कुणी लिहिलं नव्हतं. त्या हवालदाराला तेवढं सांगायचं होतं." मी सांगितलं की काका आता नाहीत. ते जायच्या आधी तीन आठवडे कागद लिहून तयार होता, पण सहीसाठी थांबला होता. "मग सही का न्हाई केली कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी गेले नाही, आजी. मला बोलावलं होतं. मी खोटं सांगून घरी बसले."



"मग तेवढं पण लिहा," त्या म्हणाल्या.

त्यांना आणि वैशालीला विचारून ते इथे लिहिलं आहे.