पालथा पाव

“दोन वर्षं माझ्या घरी पाव पालथा आला, आणि मी तो रोज खाल्ला.” स्वाझिक तांगी मला एकदा म्हणाली होती. सार्डिनच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसून डबे भरायचो. मान वर न करता बोलली, आणि पुढचा मासा उचलला.

आमच्या बंदरात पालथा पाव फाशी देणाऱ्याचा. पूर्वी बेकरीवाला त्याचा पाव फळीवर उलटा ठेवी, दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून. फाशी देणारे गेले, सवय राहिली. टेबलावर पाव पालथा दिसला की बोलता बोलता कुणाचाही हात पुढे होतो आणि तो सुलटा करतो.

स्वाझिकचा नवरा एर्वे महायुद्धात, सतरा साली, आघाडीवर होता. हुकूम मोडणाऱ्या शिपायांना गोळ्या घालायला बारा जण निवडले, त्यात तो. समोर खांबाला बांधलेला यान. आमच्या बेकरीवाल्या काडोरेचा भाचा. एर्वेला कुणी विचारलं नव्हतं, त्याची बंदूक फक्त मोजली होती. लढाई संपून तो परतला, त्या आठवड्यापासून काडोरे स्वाझिकच्या हातात पाव पालथा देऊ लागला. शेजारी त्याचा मुलगा फांश उभा असे, वीस वर्षांचा, खाली बघत. गावात दुसरी बेकरी नव्हती. ती रस्त्यातच पाव सुलटा करी. घरी एर्वे तो पुन्हा पालथा करून टेबलावर ठेवी.

“असू दे,” म्हणे. “माझाच आहे तो.”

दोन वर्षांत तो छातीच्या दुखण्यानं गेला.

तेव्हा त्यांच्या माडीवर ब्रोसार नावाचा चित्रकार भाड्यानं राहायचा. त्यानं ते टेबल रंगवलं. राखाडी फळी, दोन सार्डिन, अर्धा कांदा, सुरी. मधोमध पाव, सपाट बूड वर, भट्टीच्या राखेचे डाग तसेच. कांद्यावर उजेड आहे, माशांवर आहे. पावापाशी येऊन तो थांबतो. टेबल आपल्याकडे कललेलं; वाटतं, आता सगळं घसरून आपल्या मांडीवर पडेल. फक्त तो पाव हलणार नाही.

“मासे चुकवलेत मेल्यानं,” स्वाझिक म्हणायची. “इतकं निळं पोट कुठल्या सार्डिनचं असतं? पण पाव... पाव त्यानं पाहिला होता.”

ब्रोसार मेला आणि मोठा झाला. छत्तीस साली ते चित्र आमच्या नगरभवनात आलं. खर्च फांशचा, आता बेकरी त्याची. चित्राखाली पाटी लागली: ‘काडोरेंचा पाव. आमच्या बंदराचं आतिथ्य.’

आतिथ्य! अनावरणाच्या आदल्या दिवशी स्वाझिक मला घेऊन तिथे गेली. पॅरिसहून आलेले देल्मास नावाचे चित्रांचे जाणकार शिडीवर उभे होते, खाली फांश शिडी धरून.

“साहेब, पाटीवर एक ओळ लिहा. पाव पालथा आहे, आणि तो एर्वे तांगीला दिलेला आहे. बस.”

“बाई, तो पाव नाहीच,” देल्मास प्रेमानं म्हणाले. “तो एक आकार आहे. वर्तुळाला छेद देणारी सपाटी. चित्रात गोष्ट शोधायची नसते.”

“मी शोधत नाही. मी तो खाल्लाय.”

देल्मास हसले. फांश मात्र हसला नाही. “स्वाझिक मावशी, जुनं कशाला उकरतेस? बाबा गेले, एर्वेकाका गेला.”

“म्हणून तर. सांगायला मी एकटी उरलेय.”

“उद्या ये, पुढच्या खुर्चीत बस. केक खा.”

“तुझ्या हातचा?” ती म्हणाली, आणि आम्ही निघालो. वाटभर मी त्यांना शिव्या घालत होते. ती शांत होती. चित्रातलं दुःख यांना चाललं असतं, म्हणा ना. कुणी केलं ते तेवढं नको होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं बंदर जमलं. चित्राखाली फांशनं खरंखुरं टेबल मांडलं होतं, कांदा, सार्डिन, सुरी आणि त्याच्या भट्टीतला ताजा गोल पाव. सुलटा, फीत बांधलेला. महापौर तो कापणार होते. देल्मास सपाटीवर बोलले, टाळ्या झाल्या. मग फांश म्हणाला, “चित्रकाराची घरमालकीण दोन शब्द बोलेल.”

स्वाझिक उठली. डोक्यावरची पांढरी टोपी तिनं नीट केली. टेबलापाशी गेली. फीत सोडली, पाव दोन्ही हातांनी उचलला, पालथा केला आणि फांशसमोर ठेवला.

सवयीनं फांशचा हात पुढे आला, आणि हवेतच थांबला. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. सुलटा करावा तर चित्रातलाही पालथाच होता हे कबूल. नाही केला तर फाशी देणाऱ्याचा पाव त्याच्यापुढे.

देल्मासना काहीच कळेना. म्हाताऱ्या बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली. महापौरांनी सुरी खाली ठेवली. वर भिंतीवर एक पाव, खाली एक, दोन्ही सारखे.

फांशचा हात तसाच होता. स्वाझिकनं त्याच्याकडे, मग चित्राकडे पाहिलं. हातावरचं पीठ झटकलं, आणि खुर्च्यांमधून चालत दाराबाहेर गेली.