पिंपळाखालचे देव

धाड गावाच्या शिवेवर कौशल्याबाईंचं मेथी-पालकाचं छोटं रान आहे आणि त्याच्या बांधावर एक पिंपळ. घरातली देवाची तसबीर फुटली की ती कचऱ्यात टाकणं पाप, म्हणून माणसं ती गुपचूप या पिंपळाखाली ठेवून जातात. झालं, सुटले! मग कुत्री त्या देवांवर तंगडी वर करतात, शेळ्या हार ओढतात आणि काचा कौशल्याबाईंच्या पायात घुसतात. बाईंना शिसारी यायची. देवांची नव्हे, ठेवून जाणाऱ्यांची.

यंदा दिवाळीची साफसफाई झाली आणि पिंपळाखाली ढीग लागला. लक्ष्मीच्या तोंडावर कुत्र्याची घाण होती. बाईंनी तसबिरी पुसल्या, काचा वेगळ्या काढल्या, पिंपळाच्या बुडाशी खड्डा खणला आणि हळदकुंकू वाहून देवांना मातीत ठेवलं.

कुणीतरी पाहिलंच. बाईनं देव गाडले, अशी बोंब गावभर झाली. संध्याकाळी मंदिरासमोरच्या पारावर बोलावणं आलं. मंदिर समितीचे भगवानराव गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसले होते.

"बाई, ही देवाची विटंबना आहे," ते म्हणाले. "देवापुढं नाक घासा. नाही तं तुमच्या हातची भाजी गावात कोनी घेनार नाही." आणि मंदिराच्या पायरीशेजारीच पचकन थुंकले.

बाई त्या लाल ओघळाकडे बघत राहिल्या.

"कुत्रं मुतत होतं तवा कोनाले नाही दिसली विटंबना?" त्यांनी विचारलं.

आणि त्या घराकडे वळल्या. नाक काही बाईंनी घासलं नाही.

आठवडी बाजारात त्याची किंमत कळली. नेहमीच्या बायका जुडीकडे बघायच्या आणि पदर सावरून पुढे जायच्या. हात बाटलेत म्हणे! पिंपळाखाली येताना ह्याच बायांचे हात कसे स्वच्छ असतात, हे विचारायची सोय नव्हती. उन्हं कलेपर्यंत मेथी माना टाकून बसली. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बाई परत निघाल्या.

बांधावर येऊन पाहतात तो पिंपळाखाली एक नवी तसबीर. काच तडकलेली, आत रांगता बाळकृष्ण. हातची मेथी चालत नव्हती, पण देव मात्र पुन्हा त्याच हातांच्या भरवशावर आणून टाकला होता.

बाई बाजूला जाऊन थुंकल्या. मग पदरानं काच पुसली आणि तसबीर मेथीवर अलगद ठेवली.

"चाल बापा घरी," त्या म्हणाल्या. "त्यायले मीबी नको, तूबी नको."