रत्नप्रभाबाईंचं वेगळं ताट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत रत्नप्रभाबाईंना हेपॅटायटिस सी असल्याचं निघालं. मुलाच्या, प्रथमेशच्या, जन्माच्या वेळी, सांगलीत असताना, त्यांना रक्त चढवावं लागलं होतं. तेव्हापासूनच तो अंगात असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे पस्तीस वर्षं!

घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले, पण बाईंच्या मनाने धसका घेतला तो घेतलाच. हिंदी मुलखातल्या शहरात, सोडाला भागातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात त्यांनी स्वयंपाकघराची पायरी चढणं सोडलं. स्वतःचं ताट, वाटी, पेला बाल्कनीत वेगळा मांडला. दिवसातून चार वेळा ब्लीचिंग पावडरने बाथरूम घासायला लागल्या. सहा वर्षांची नात तनया जवळ आली की म्हणायच्या, "लांब हो गं बाई!"

बारा आठवडे रोज एक गोळी घ्यायची होती. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकायचं, मळमळायचं, जिना चढताना पाय गळून जायचे. तरी हातातला ब्रश सुटला नाही.

"अगं, डॉक्टरांना विचार तरी," विमा कंपनीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान जयंतराव म्हणाले.

"काय विचारायचं? पोरीला काही झालं म्हणजे?"

महिन्याच्या तपासणीला सून अनुया सोबत गेली. डोकेदुखी, थकवा यांची डॉक्टरांना फारशी काळजी वाटली नाही. "पाणी भरपूर प्या, दुपारी पडा. हळूहळू कमी होईल," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर बाईंच्या हातांवर गेली. बोटांना भेगा पडल्या होत्या. एकीतून रक्त येत होतं.

"माँजी, हे काय करून घेतलंत?"

बाईंनी सगळं सांगितलं.

"हा आजार ताटातून, पेल्यातून, जवळ घेतल्याने पसरत नाही. तो रक्तातून पसरतो, आणि तुम्ही तर हातातून रक्त काढताय! घासणं बंद. मलम लावा, भेग उघडी ठेवू नका. दातांचा ब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं ठेवा."

"आणि स्वयंपाक?"

"करा की. हात बरे झाले की रोज करा."

परतताना रिक्षात बाई एकदम रडायला लागल्या. अनुयाने त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आठवड्याभराने त्यांनी थालीपीठं लावली. तनया दारातूनच बघत होती.

"आजी, मतलब आता मी तुझ्या ताटात जेवू?"

"ये," बाई म्हणाल्या.

गोळ्या संपल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर विषाणूचा मागमूस नव्हता. त्या रविवारी सगळे शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर गेले. जयंतरावांनी सतरंजीवर ताणून दिली. बाई साडी खोचून तनयाच्या मागे पाण्यापर्यंत गेल्या आणि बगळे मोजता मोजता दोघींचं भांडण जुंपलं. नात म्हणत होती अकरा, आजी म्हणत होती तेरा.