मॅडमसाठी खुर्ची

परवा एका विद्यार्थिनीने व्हायोलिनच्या गजाला राळ घासली आणि धुपासारखा तो वास खोलीभर पसरला. मी थेट डोंबिवलीला, गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत पोचले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आदल्या संध्याकाळी ठाण्याला मी परदेशी वादकांबरोबर वाजवलेलं. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवायचं, ही आमची रीत. पण त्या सगळ्यांना खुर्च्या होत्या आणि माझी तर सगळ्यांच्या पुढे मांडलेली. तिच्यावर बसून मी गुरुजींनीच शिकवलेला मारवा वाजवला. गुरुजी ऐकायला आलेले, पण न भेटताच निघून गेले.

सकाळी शिकवणीला गेले आणि नेहमीसारखी सतरंजीवर बसायला वाकले.

"अगं, खाली कशाला?" गुरुजी हसून म्हणाले. मग आत काकूंना हाक मारली, "मॅडमसाठी खुर्ची आण जरा."

काकूंनी खरंच लोखंडी घडीची खुर्ची आणून उघडली. सतरंजीवरच्या सगळ्या माना खाली गेल्या. अख्खी शिकवणी मी त्या खुर्चीवर मांडीत व्हायोलिन घेऊन बसून राहिले. गुरुजींनी एकेकाकडून वाजवून घेतलं, माझ्याकडे बघितलंही नाही. मारव्याबद्दल चांगला-वाईट एक शब्द नाही.

रीत मोडली म्हणून ते दुखावले, असंच मी कित्येक वर्षं धरून चालले. पण सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गुरुजी स्वतः उभा जन्म खुर्चीवरच बसून वाजवत आले होते. शेवटच्या रांगेत.

माझी खुर्ची पुढे होती, तेवढंच त्यांना सोसलं नाही.