रात्रपाळीचा गोरेपणा

परवा नातीने वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं. रात्रीच्या अंधारात आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाचं काहीतरी तयार होतं. त्याने झोप येते, शिवाय उन्हाने करपलेली, सुरकुतलेली कातडीही ते थोडीफार सावरतं म्हणे. उजेडात जागं राहिलं की ते आटतं. मी ऐकत होतो आणि बायको तांदूळ निवडता निवडता हसत होती. कारण हा प्रयोग मी जवानीत स्वतःच्या थोबाडावर करून बसलो होतो, तोही उलट्या बाजूने.

तेव्हा मी बावीस-तेवीसचा, रसायनीच्या एका कारखान्यात नुकता लागलेला. खालापूरकडचं आमचं घर शेतकऱ्याचं. पहिल्या स्थळाने पोरगा लय काळा म्हणून मला नाकारलं. राग त्यांचा यायला हवा होता, मला आला उन्हाचा. मी कायमची रात्रपाळी मागून घेतली. ती टाळायला लोक आजारी आई, गाभण म्हैस असली कारणं सांगायचे. मी आपण होऊन मागतोय म्हटल्यावर पाळ्या लावणाऱ्या साहेबाने मला चहा पाजला.

दिवस मावळला की जायचं आणि सकाळी सायकलवर छत्री उघडून यायचं. घरी आलो की तोंडाला साय-हळद फासून माळ्यावर झोपायचो. झोपायचो म्हणजे डोळे मिटून पडायचो. छपरात उजेडासाठी एक काचेचं कौल बसवलं होतं. त्यातून उन्हाचा कवडसा नेमका तोंडावर येई. मी गोधडी सरकवली की तासाभरात तोही सरके. ते कौल झाकावं एवढी अक्कल मला वर्षभरात आली नाही.

वर्षाने मी गोरा झालो नाही, पिवळट झालो. डोळ्यांखाली खड्डे, कपाळावर आठ्या. आईने मला काविळीचं औषध पाजलं. थोरला भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दिवसभर उन्हात नांगरामागे असायचा आणि अंधार पडला की घोरायला लागायचा. त्याची कातडी काळी, पण तुकतुकीत. मी त्याला अडाणी समजायचो.

मग कर्जतजवळचं स्थळ आलं. ती मुलगी मी जत्रेत पाहिली होती आणि मला ती फार आवडली होती. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी सायीचा थर दुप्पट केला. ठरल्या दिवशी पाळी संपवून तसाच भावाबरोबर एसटीत बसलो. मुलीच्या बापाने मानाचा पाट भावाला दिला, मला खांबाशी सतरंजीवर बसवलं आणि अदबीने विचारलं, "दादा, तुमाला पोरं किती?"

नवरामुलगा हाच, असं माझ्याकडे बोट दाखवून भावाने सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिच्या काकीने रीत म्हणून तिला म्हटलं, काय विचारायचं असेल तर विचार. अशा वेळी मुली मान खाली घालतात.

हिने विचारलं, "तुमी झोपता कदी?"

हे मला वर्षभरात कुणीच विचारलं नव्हतं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी सगळं सांगून टाकलं, सायीसकट. आतल्या खोलीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. चार दिवसांनी निरोप आला, होकार नाही आणि नकारही नाही. मुलगी म्हणते, दोन महिने त्याला रातचं झोपू द्या, मग परत आणा.

दिवसपाळी देताना साहेबाने चहा पाजला नाही. मी माजघरातल्या मिट्ट काळोखात झोपू लागलो. सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर शेतात राबलो आणि तव्यासारखा झालो. पहिल्या स्थळाने नाकारलं तेव्हाही मी इतका काळा नव्हतो. आता हिनेही नाकारलं तर तोंड कुठे लपवणार, ही धाकधूक घेऊन दुसऱ्यांदा गेलो.

या खेपेला पाट मला मिळाला. तिने चहाची बशी पुढे ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"आता ह्ये धाकटं दिसतात," ती काकीला म्हणाली. "साखर काड."