राधाकाकी दारात बसायची

राधाकाकीला परळच्या नाक्यावर टॅक्सीनं उडवलं, ही बातमी आली तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवून परतले होते. पदर खोचला आणि तशीच नाक्यावरच्या मोठ्या इस्पितळात धावले, तर तिथं काकी नाहीच! पानवाला म्हणाला, एका भल्या माणसानं तिला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून दादरला नेलं. भला माणूस! मी दादरची ट्राम पकडली. इस्पितळ समोर दिसत असताना जखमी बाईला दादरला का नेतात, हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेशंट आणून देणाऱ्याला खासगी डॉक्टर पैसे मोजतात.

काकी माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या यजमानांचा पाय ट्रामखाली सापडला होता, तेव्हाही असाच एक भला माणूस धावून आला होता. "मी तुमच्याच गावचो," म्हणाला आणि एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेला. मुंबईत गावचा माणूस भेटला की आम्ही कोकणातली माणसं डोळे मिटून त्याच्यामागे जातो. तिथं पाय सडला आणि त्यातच यजमान गेले. डॉक्टरांनी माणसं पाठवून पेशंट गोळा करू नयेत, असा नियम आहे म्हणे. काकीनं तक्रार केली, मी तिच्याबरोबर डॉक्टरांच्या कौन्सिलात गेले. डॉक्टर म्हणाले, "मी कुणाला पाठवलंच नाही." आणि ज्यानं नेलं तो डॉक्टर नव्हता, म्हणजे नियम त्याला लागूच नाही! संपलं प्रकरण. जिना उतरताना काकी मला म्हणाली, "बाय, ह्येंचो नियम ह्येंकाच लखलाभ. आता मीच बघतंय."

आणि तिनं बघितलंच. चाळीत कुणाला लागलं की असला भला माणूस आत शिरू नये म्हणून काकी आपलं लाकडी स्टूल त्याच्या दारात टाकून बसायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात माझ्या भावाच्या नडगीवर लाठी बसली, हाड बाहेर आलं. पोरांनी त्याला उचलून घरी आणलं, त्यांच्या मागोमाग एक अनोळखी गृहस्थ. "सरकारी इस्पितळात न्याल तर पोलीस थयच धरतले. माझ्या ओळखीचो डॉक्टर आसा." आई घाबरून तयारही झाली. काकी उंबऱ्यातून हलली नाही.

"खयचो रे तू?"

"तुमच्याच गावचो, काकी."

"मगे घाल बघू देवाक गाऱ्हाणा!"

गाऱ्हाणं म्हणजे गावच्या देवाला नाव घेऊन हाक मारायची, सगळ्यांचं भलं मागायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाला ते ऐकून ऐकून पाठ असतं. गडी "बा देवा म्हाराजा" एवढं बोलला आणि अडकला. ग्रामदेवतेचं नावच ठाऊक नाही! "चालाक लाग मेल्या!" काकी ओरडली. भावाला आम्ही हातगाडीवरून मोठ्या इस्पितळात नेलं. पोलिसांनी नाव लिहून घेतलं, घेऊ देत. तो आज दोन्ही पायांवर चालतो.

आणि आता मी शोधत पोचले, तर दादरच्या एका खासगी दवाखान्यात खुद्द काकीच्या कानातून रक्त येत होतं, अन् ते लोक तिच्या मनगटाला प्लास्टर घालत बसले होते! डोक्याच्या माराचं काही करायची सोयच नव्हती तिथं. मग आणलीत कशाला तिला? खाटेशी तो भला माणूस उभा. मी विचारलं, "खयचो तू?" "काकीच्याच गावचो." "मग घाल गाऱ्हाणा." त्यानं घातलं... न अडखळता, ग्रामदेवतेपासून शिवेवरच्या राखणदार देवचारापर्यंत. सवयीनं माझ्या तोंडून "होय म्हाराजा" सुद्धा निघून गेलं. तो खरंच आमचा होता. काकीला टॅक्सीत घालून परत परळला आणताना ती वाटेतच गेली.

तेराव्याला सगळे म्हणाले, आयुष्याची दोरी तुटली. तुटली कसली? कापली! आपलं राज्य झालं म्हणून चाळीत लावलेली तोरणं अजून लटकताहेत. आपलं, आपलं... मला आता त्या शब्दाचाच संताप येतो. दादरच्या त्या डॉक्टरला विचारायला गेले, तर उत्तर तेच, मी कुणाला पाठवलंच नाही.

काकीचं स्टूल आता माझ्याकडे आहे. परवा खालच्या मजल्यावरच्या कामगाराचा हात गिरणीत पट्ट्यात सापडला. त्याला घरी आणलं, बायको रडत होती, आणि दाराशी एक जण तिची समजूत काढत होता, "घाबरू नको गो, मी तुमच्याच..."

"गाव नको सांगू," मी म्हटलं आणि उंबऱ्यात स्टूल टाकून बसले. "डॉक्टरचं नाव सांग."